बटणं लावलेले शर्ट

मी जहाजावरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. आमच्या धंद्यात डॉक्टरसमोर ‘दुखतंय’ म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पुढचं जहाज हातचं जातं. म्हणून तीस वर्षं दर तपासणीला माझं एकच उत्तर, “ठणठणीत!”

गेल्या खेपेला धक्क्यावर जहाज बांधताना दोरखंड तुटला आणि माझ्या उजव्या हातावर बसला. घरी पाठवलं. कंपनीच्या डॉक्टरने बोटं दाबत विचारलं, “कसं वाटतंय?” आणि मी गाढव, म्हणालो, “ठणठणीत!” जित्याची खोड, दुसरं काय. त्याने तेच लिहिलं. आता कंपनी म्हणते, माणूस धडधाकट आहे, अपंगत्वाची भरपाई कसली? आणि जहाजावर मात्र घेत नाही, कारण हातात पेला धरवत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. माझ्या हातात तर धुपाटणंही टिकत नाही.

माझ्या डॉक्टरने एक्स-रे पाहून उलटं लिहिलं, म्हणून आज तिसऱ्या डॉक्टरकडे गेलो. कंपनीने आणि मी मिळून नेमलेला, त्याचाच शब्द शेवटचा. “शर्ट काढा,” तो म्हणाला. मी डोक्यावरून ओढून काढला.

“आता बटणं उघडून घाला.”

पहिल्याच बटणाशी मला घाम फुटला. “येत नाही,” मी म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याने एक कागद दिला. रोजची अडचण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची त्यावर सही हवी.

खोलीवर येऊन कागदासमोर बसलो. पाहिलंय कुणी? बायको जाऊन सहा वर्षं झाली. शेजारी आले की मी हात खिशात घालतो. भर समुद्रात पहाऱ्यावर उभा असतानाही मी इतका एकटा नव्हतो.

शेवटी परगावच्या लेकीला फोन लावला.

“बाबा, आज बुधवारी कसा फोन? हात बरा आहे ना?”

ओठांवर आलेला शब्द मी गिळला. “नाही गं. शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नाहीत.”

“माहीत आहे मला. मागच्या महिन्यात आले होते ना, तेव्हा दोरीवर तुमचे सगळे शर्ट बटणं लावलेलेच वाळत होते.”

डाव्या हाताने एकदाच कशीबशी लावली होती मी ती. “मग तेव्हा बोलली का नाहीस?”



“विचारलं होतं, बाबा. तुम्ही ठणठणीत म्हणालात.”