मेणाचा क्रूस

बार्बा मालगोर्ननं दिग्दर्शकाला आधी साफ नाही म्हटलं होतं.

"भिंती ऐकत असतात, साहेब. तथास्तु म्हणतात मेल्या."

पॅरिसचा तो देल्काँब्र हसला. नौदलाच्या वैमानिकांवर टीव्हीची मालिका काढायला आलेला माणूस, त्याला भिंतींचं काय! आईचं काम करणारी नटी बोटीतच ओकून ओकून अर्धमेली झाली होती, आणि उएसाँ बेटावर काळ्या पोशाखातली खरी म्हातारी फुकट मिळत होती. शेवटी बार्बाच्या लेकानं, गुल्वेननंच तिला गळ घातली. तो नौदलाच्या हेलिकॉप्टरवर होता, दारात बसून बुडत्या माणसाला दोरानं वर ओढायचा. चित्रीकरणासाठी दोन हेलिकॉप्टरं आली, त्यांतल्या एकात तोच होता.

"आई, अख्खा फ्रान्स तुला बघेल. ब्रेस्टची मावशी तर जळून खाक होईल!"

पोरापुढं कुठल्या आईचं चाललंय?

प्रसंग असा होता. बेटावर समुद्रानं माणूस नेला आणि प्रेत दिलं नाही, तर त्याच्या जागी बोटभर मेणाचा क्रूस पांढऱ्या कापडावर ठेवून घरात जागरण करतात. मग तोच पुरतात. आणि ही बातमी आईला सांगायची ती मुलाच्या धर्मपित्यानं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं त्याला हातांवर घेतलं त्यानं. तिन्हीसांजेला खिडकीच्या काचेवर तीनदा टकटक करून तो म्हणतो, "आज तुझ्या घरी क्रूस आहे गं, पोरी." नाव घेत नाहीत. घेण्याची गरजच नसते.

धर्मपिता म्हणून देल्काँब्रनं उभं केलं ते बार्बाच्या धाकट्या भावाला, तुद्वालला. खऱ्या आयुष्यातही गुल्वेनचा धर्मपिता तोच. बार्बानं निदान दुसऱ्या कुणाची खिडकी घ्या म्हणून विनवलं. पण उजेड म्हणे हिच्याच खिडकीवर चांगला पडत होता. आग लागो त्या उजेडाला!

पहिल्या दिवशी सगळं फसलं. तुद्वालनं रीतीप्रमाणं टोपी काढून हातात घेतली, तर देल्काँब्र ओरडला, "टोपी डोक्यावर! टक्कल चमकतंय!" आणि टकटक झाली रे झाली की बार्बाला हुंदका फुटायचा.

"रडू नका, बाई. तुम्हाला अजून कळलेलंच नाहीये. नुसत्या उभ्या राहा."

"कळल्याशिवाय कसं राहील? माझीच खिडकी, माझाच भाऊ."

"बरं, उद्या पुन्हा घेऊ."

लोक पांगले, पण क्रूस टेबलावरच राहिला. बार्बानं तो चुलीत वितळवायला उचलला, तर सामान सांभाळणारी मुलगी धावत आली. उद्या तोच लागणार होता. तेव्हा रात्रभर तो क्रूस बार्बाच्या घरात, पांढऱ्या कापडावर पडून होता. तिनं वर एक रुमाल टाकला आणि माजघरात जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरचं काम होतं. गुल्वेन सकाळीच येऊन गेला.

"रश्शाचं बघ हां, आई. संध्याकाळी येतोच."

"लाटांच्या फार जवळ जाऊ नका रे."

"जवळ गेल्याशिवाय टीव्हीत दिसणार कसं?" तो हसत निघाला.

तिनं मेंढीचं मटण, बटाटे, कांदे भांड्यात भरले, वर वाळकी गवताळ ढेकळं रचून ती धुमसत ठेवली. हा रस्सा निवांत शिजतो, दिवस खातो. दुपारी दोन्ही हेलिकॉप्टरं छपरावरून समुद्राकडं गेली. ताटल्या खणखणल्या. बऱ्याच वेळानं एकाचाच आवाज परत आला. दुसरं मागून येत असेल, ती स्वतःला म्हणाली. मग तिनं टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, आणि क्रूस कोपऱ्यातल्या फळीवर सरकवला.

दिवस कलला. धुराला मटणाचा वास यायला लागला होता. आणि काचेवर टकटक झाली. तीनदा.

बार्बा चडफडत उठली. रस्सा उतरवायची वेळ, आणि यांना आत्ताच सुचलं! पण कबूल केलं होतं, म्हणून तिनं केस सारखे केले आणि खिडकी उघडली. बाहेर तुद्वाल उभा होता.

"आज तुझ्या घरी क्रूस आहे गं, पोरी," तो म्हणाला.

या खेपेला तिला हुंदका आला नाही. देल्काँब्रनं सांगितलं होतं तशीच ती नुसती उभी राहिली. मनात म्हणाली, चला, एकदाचं जमलं. भाऊही काय सुरेख बोलला, ओठ कसे थरथरत होते त्याचे!

मग तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. अंगणात दिवे नव्हते. कॅमेराही नव्हता.

"तुद्वाल," ती हळूच म्हणाली, "टोपी घाल ना डोक्यावर. साहेब रागावतील."

तुद्वालनं टोपी घातली नाही. दोन्ही हातांत छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.