फेलेतीने गाळलेली वाक्यं

आमच्या टोंगात भाऊ-बहीण मोठे झाले की एका छपराखाली झोपत नाहीत. भावासमोर बहिणीच्या अंगाचा विषय काढायचा नाही, आणि मामाचा मुलगाही सख्खाच भाऊ. दोरीवर आमचे कपडे वाळत असले की मामाचा फेलेती मागच्या वाटेने, चिखल तुडवत घरी जायचा. माझी थोरली बहीण वासिती खिदळायची, "बघ गं, राणीसाहेबांना रस्ता मोकळा!" लहानपणीचं ते बेट आठवलं की अजून बरं वाटतं. त्यामुळेच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

१९९४ साली वासितीच्या छातीत गाठ निघाली. आम्ही तिघंही तेव्हा ऑकलंडला होतो. ती छप्पन्न वर्षांची, वजन एकशे चौतीस किलो. गाठ हाताला लागेपर्यंत बरीच वाढली होती. छाती इतकी भरदार, की आत काय चाललंय ते तिलाही कळलं नव्हतं. ऑपरेशन झालं, आणि सलाइनमधून द्यायच्या औषधाबद्दल डॉक्टरांनी बोलावलं.

त्या दिवशी हॉस्पिटलची टोंगन दुभाषी बाई रजेवर होती. पुढच्या आठवड्यात या, नाहीतर घरचं कोणी आणा, असं सांगितलं. आठवडा घालवायला नको म्हणून आम्ही फेलेतीला नेलं. चर्चमध्ये तो इंग्रजीत प्रवचन द्यायचा. आम्हाला इंग्रजी बाजारापुरतंच येत होतं. तो भाऊ आहे हे आम्ही विसरलो नव्हतो. एवढ्या मोठ्या कामात तेवढं चालेल, असं वाटलं.

तो खिडकीकडे तोंड करून बसला. डॉक्टर खूप वेळ बोलले. कागदावर आकडे लिहिले, वासितीकडे पाहिलं, स्वतःच्या हृदयावर बोट ठेवलं. शेवटी काहीतरी विचारून थांबले. फेलेतीने आम्हाला न विचारताच दोन शब्दांत उत्तर दिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "औषध देणार आहेत. प्रार्थना करा."

"दादा, ते एवढं बोलले, आणि एवढंच?"

"इंग्रज माणसाला पाणी मागायलाही दहा मिनिटं लागतात."

आम्ही हसलो. वासिती सगळ्यात जास्त.

सहा वेळा औषध झालं. केस गेले, परत आले. मग आम्ही तिला खाऊ घालायला लागलो. दर रविवारी भट्टीतलं डुकराचं मांस, अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेलं लू. मी तिच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायचे तेव्हा फेलेती मान खाली घालून जेवत असायचा.

तीन वर्षांनी पाठ दुखायला लागली. रोग हाडात उतरला होता. या वेळी आमच्या टोंगाचीच एक तरुण नर्स होती, एलेनोआ. जाड फाइल चाळताना तिने विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्ही कमी औषध का मागितलंत?"

"मी?" वासिती म्हणाली.

एलेनोआने ओळ वाचून दाखवली. औषधाचं माप उंची-वजनावरून काढतात. वासितीचं माप मोठं येत होतं. हृदयाला सोसेल का या भीतीने पुष्कळ डॉक्टर जाड माणसाला एका मर्यादेपुढे मात्रा वाढवत नसत. या डॉक्टरांनी विचारलं होतं, हृदयाची तपासणी करून पुरतं देऊ का? खाली लिहिलं होतं, 'रुग्णाला समजावले, तिने कमी मात्रा पसंत केली.' आणि आणखी एक ओळ होती. पाळी थांबल्यावर चरबीतच असं द्रव्य तयार होतं ज्यावर हा रोग पोसतो, तेव्हा वजन उतरवणं गरजेचं, असंही सांगितलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर ती ताटं आली.

संध्याकाळी मी फेलेतीच्या दारात उभी राहिले. "का केलंस दादा?"

"तिच्यासमोर तिच्या छातीबद्दल बोलू? तिचं वजन मोजून सांगू? माझी जीभ झडली असती."

"मग बाहेर येऊन मला सांगायचंस!"

"तूही बहीणच ना." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, कमी औषध म्हणजे त्रास कमी."

मी घरी येऊन वासितीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी त्यालाच घेऊन चल."

"ताई, आता एलेनोआ आहे की."

"तो येणार."

पुढच्या भेटीत तिने त्याची खुर्ची ओढून आपल्यासमोर घेतली. डॉक्टर थोडं बोलले की ती म्हणायची, "सांग." तो जमिनीकडे पाहायचा. "माझ्याकडे बघून सांग." त्याच्या शर्टाची पाठ भिजली. त्याने तिचं वजन सांगितलं. स्तन हा शब्द उच्चारला. पाठीचे कुठले मणके पोखरलेत ते सांगितलं. आता पूर्ण बरं होणार नाही, हेही त्यालाच सांगावं लागलं. एलेनोआ कोपऱ्यात उभी राहून एकेक वाक्य पडताळत होती.

"आता माझा प्रश्न विचार," वासिती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी पुरतं औषध मिळालं असतं, तर?"

"ताई, नको."

"विचार."

त्याने विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत बराच वेळ बोलले.

"सांग ना."

"म्हणतात, नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण..."

"पण काय?"

"शक्यता जास्त होती."

वासितीने टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. तो सवयीने हात द्यायला पुढे झाला. तिने माझा हात घेतला.

गाडीपाशी तो मागचं दार उघडून उभा होता. ती बसली, दार ओढून घेतलं आणि काच खाली करून म्हणाली, "तू बसने ये."

गाडी मी चालवत होते. मी थांबले नाही.