कपाळावरचा चंद्र

दिनानाथ गेले त्याला महिना होत आला, तरी सरोजिनी रडली नव्हती. सुदामा नगरातल्या बायका काळजीने डोकावून जात. ती त्यांना चहा विचारी. आत कुठे काही हलतच नव्हतं.

नवरा चित्रकलेचा मास्तर. भाजीवाल्या, हम्माल, शेजारची म्हातारी, सगळ्यांना त्यांनी रंगवलं; बायकोला एकदाही नाही. ती कधी बोलली नाही, पण ते सलायचं. आता माळ्यावरून त्यांचं शेवटचं चित्र निघालं होतं. खिडकीशी बसलेली बाई, चेहरा अर्धा वळलेला, अंगावर कुणाचं तरी लुगडं. ही आपण का? एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि सांगणारा तर गेला.

लेक अमिताला ते प्रदर्शनात लावायचं होतं, म्हणून तिने वडिलांचा जुना विद्यार्थी धनेश याला बोलावलं. धनेशला पोह्यांवर शेव जरा जास्त पडली तरी त्यात अर्थ दिसे. इथे तर त्याचं फावलंच.

"बघा काकूजी, खिडकी म्हणजे मुक्ती. निळा म्हणजे एकदम उदासी. आणि कपाळ बघा, कुंकू नाही. सरांना अंदाजा आला होता. त्यांनी वैधव्य आधीच रंगवून ठेवलं."

"मग कपाळावर हे पांढरं काय आहे, भिया?" अमिताने विचारलं.

"चंद्र. अकेलापन."

सरोजिनी चष्मा पुसून जवळ गेली. चंद्र कसला, डाग होता तो. टिकलीएवढा, डाव्या भुवईकडे जरा पसरलेला.

टिकलीच्या गोंदाने तिच्या कपाळावर असाच डाग पडला होता. लोक कोड म्हणतील या धास्तीने तिने तो वर्षानुवर्षं नवऱ्यापासूनही लपवला होता. मोठी टिकली लावायची, लावूनच झोपायचं, बदलायची ती मोरीचं दार लावून. नवरा गेल्यावरही अमिताने टिकली काढू दिली नाही, त्यामुळे डाग झाकलेलाच राहिला होता.

तिने टिकली काढली.

"आई, हे सब आपल्याला नाही करायचं, बोलले होते ना," अमिता चिडली.

"लावते परत. आधी नीट बघ."

अमिताने आईच्या कपाळाकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"त्यांना ठाऊक होतं," सरोजिनी म्हणाली. आवाज सपाटच होता, पण आतून तिला राग आला, चांगलाच आला. "टिकली झोपेत निघाली असेल कधी. बघितलं, लक्षात ठेवलं, रंगवलंसुद्धा. आणि मी आपली त्या माणसापासून तोंड लपवत बसले. एकदा म्हणायचं तरी होतं."