चंद्रीचं नाक आणि माझं झाकण

मित्रांनो, मी वाफेचा हंडा. जुना, तळाशी गंजलेला, आणि खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटणारा. अंबरनाथच्या एका लहानशा प्लास्टिक कारखान्यात सत्तावन्न साली मला बसवलं, तेव्हा शेठने मला हार घातला होता. मीही तेव्हा काय फुगलो होतो!

माझं काम ऐका. प्लास्टिकचे दाणे बनताना थोडा कच्चा रस आत लपून राहतो. साहेब लोक त्याला मोनोमर म्हणत. वास असा उग्र की डोकं भणभणावं. दाणे माझ्या पोटात घालून खालून वाफ सोडली की तो रस वाफेबरोबर बाहेर पडे, थंड नळीत त्याचे थेंब होत, पिंपात साठत आणि पुढच्या घाण्याला पुन्हा कामी येत.

रस पुरता निघाला की नाही, हे चंद्री सांगायची. बारवीकडच्या पाड्यावरची ही बाई कारखान्याचं अंगण झाडायची. तिचं नाक फार तिखट. मूठभर दाणे गरम पाण्याच्या तांब्यात घालून, झाकून, तिच्याकडे नेत. नेम एकच होता, तिने बाहेर करंजाखाली बसायचं. आत बसलेल्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं आणि मग त्याला काही कळत नाही. ती "वास हाय" म्हणाली की घाणा परत माझ्या पोटात. या नोकरीमुळे तिचं घर त्या वर्षी पोटासाठी गाव सोडून कोळशाच्या भट्टीवर राबायला जाणार नव्हतं. लेक नवसी कुळगावच्या शाळेत बसली होती. चंद्री हे ज्याला त्याला सांगत सुटे.

मला चालवणारा कोंडाजी मनाने वाईट नव्हता. पण माझ्या झाकणाची रबरी चकती झिजली होती आणि ती बदलायचं तो रोज उद्यावर ढकलत होता. वाफ कडेने फुसफुसत निसटायची, पिंपात थेंब कमी पडायचे. मला कळत होतं, त्यालाही कळत होतं.

पौषात एका सकाळी गार वारा सुटला. चंद्रीला कुडकुडताना पाहून कोंडाजीने तिला आत बोलावलं आणि माझ्याच कुशीला गोणपाट टाकून दिलं. माया केली बिचाऱ्याने! ती दोन तास माझी ऊब घेत बसली आणि मी झाकणाच्या फटीतून तिच्या नाकात तो वास भरत राहिलो. तांब्या आला. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, म्हणाली, वास नाही.

त्या दाण्यांचे दुधाचे पेले झाले. आठवड्याभरात सगळे परत आले, वासामुळे मुलं तोंड लावेनात. शेठने चंद्रीला सगळ्यांदेखत झापलं, तुझं नाक गेलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. ती कोंडाजीकडे बघत राहिली. कोंडाजी माझा वाफेचा कॉक पुसत राहिला. संध्याकाळी त्याने गुपचूप नवी चकती बसवली आणि जुनी कुंपणापलीकडे फेकली. नवसीसकट ते घर भट्टीवर गेलं.

दोन वर्षांनी मोठा हंडा आला आणि मला भिंतीकडेला टाकलं. एकदा चंद्री लाकडाची मोळी घेऊन तिथून जात होती. थांबली. मोळी उतरवून माझ्या झाकणाच्या कडेला नाक लावलं. कोंडाजी दारातच उभा होता.

"नाक माझं गेलं नव्हतं, कोंडाजी," ती शांतपणे म्हणाली. "वास याचा व्हता. अजून हाय."

तिने मोळी डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मागायचं तोंड मला नाही. एवढंच सांगतो, यंत्र गळत असेल तर त्याच दिवशी बोला. मला बोलता येत नव्हतं. कोंडाजीला येत होतं.