फुकटचा चारा

मी एक जुनी गरी आहे. गरी म्हणजे मासे धरायचा लोखंडी आकडा. सिहोऱ्याच्या लोहाराने मला घडवले. मित्रांनो, तरुणपणी मी असा एक रोहू ओढला, की तो बाहेर येताच तलावाचे पाणी हातभर उतरले. खोटे वाटत असेल, तर तलावाला विचारा.

माझे मालक इश्वरभाऊ. त्यांची युक्ती साधी होती. तीन दिवस एकाच जागी कोंड्याचे गोळे टाकायचे आणि मला खिशात ठेवायचे. मासे निर्धास्त झाले, की चौथ्या दिवशी गोळ्याच्या पोटात मी. पुढे नायलॉनची जाळी आली आणि मी डब्यात गंजत पडले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला पुन्हा बाहेर काढले. बारावीतली नात कामिनी जेवेनाशी झाली होती, आणि तिला रोहू फार आवडायचा. तिसऱ्या दिवशी तीही तलावाच्या बांधावर येऊन बसली.

"गरी तं खिशातच हाये, आबाजी. नुसतं काहून चारून राहिले?"

"आज फुकट खाते, उद्या सोताच शोधत येते. मासा हुशार, पण फुकटापुढं खुळा," इश्वरभाऊ हसले.

कामिनी हसली नाही. तिने दप्तरातून पुडी काढली. आत काचेच्या चुऱ्यासारखे खडे होते.

"क्लासातल्या गुड्डीदीदीनं मलेबी दोनदा फुकटच देलं. झोप येत नाही, अभ्यास होते म्हणे. आता मीच तिले शोधून राहिली."

इश्वरभाऊंचा हात वर गेला. मी खिशात श्वास रोखला. त्यांनी मारले असते, तर ती पुन्हा कधी बोलली नसती. तो हात हळूच तिच्या डोक्यावर टेकला.

"सांगितलं, लय चांगलं केलं. चाल, भंडाऱ्याले डॉक्टरकडे जाऊ."

"बाबा मारन."

"त्याले मी पाहतो."

मी खिशातच एसटीने गेले. डॉक्टर म्हणाले, "याला मेथ म्हणतात, सवय लावणारी नशा आहे ही. झोप, भूक, मन, सगळं खाऊन टाकते. वेळेवर आलात."

पुढचे दिवस सोपे नव्हते. ती चिडली, रडली, दिवसदिवस झोपली. इश्वरभाऊ उशाशी बसून राहिले. महिन्याने तिने पोटभर जेवून पुन्हा भात मागितला. ताटात मासा बाजारचा होता. मी अपमान गिळला.

मित्रांनो, असला खडा बहुधा ओळखीच्या हातूनच येतो. तो घेऊ नका. घेतला गेलाच, तर लपवू नका, आपल्या माणसाला सांगा. आणि मोठ्यांनो, लेकरू बोलू लागले, की आधी हात खाली घ्या.