धारा कोण काढतंय?

"अहो बाई, आधी मी आलोय! रक्त येतंय माझ्या हातातून, दिसत नाही का?"

कोपनहेगनहून सुट्टीला आलेल्या पाहुण्याच्या तळहातात मासे धरायचा गळ रुतला होता आणि त्यानं सगळं इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं. बिर्थेनं जखम पाहिली, बोटं हलवायला लावली, वर पट्टी बांधली.

"निघेल गळ. हात वर धरून बसा. इतकं ओरडता येतंय ना, मग जिवाला धोका नाही."

तातडीच्या विभागात कुणाला आधी आत घ्यायचं, हे ठरवता ठरवता बिर्थेचे केस पिकले होते. ओरडेल तो आधी, असा नियम असता तर अर्धं पश्चिम जटलंड खुर्चीत बसल्या बसल्या मेलं असतं. इथली माणसं ओरडतात कुठं!

भिंतीकडेच्या खुर्चीत म्हातारा क्रेस्टेन बसला होता. टोपी गुडघ्यावर, पायात गोठ्यातलेच बूट. राजधानीतून नुकत्याच आलेल्या सिग्ने नर्सनं त्याला हिरवा रंग दिला होता, म्हणजे थांबला तरी चालेल.

"पाठ दुखतेय म्हणाले," सिग्नेनं सांगितलं. "दहापैकी किती, विचारलं, तर म्हणाले दोन. ब्लडप्रेशर जरा कमी आहे, पण ठीक आहे."

बिर्थे त्याच्यापाशी गेली. "काय होतंय, क्रेस्टेन?"

"काही नाही गं. थोडंसं ट्रेल्स."

ट्रेल्स म्हणजे कटकटीचं. गवत कापलं आणि पाऊस आला, की ट्रेल्स. पण बिर्थेच्या वडिलांचा गोठा जळून खाक झाला, तेव्हा राखेत उभे राहून तेही एवढंच म्हणाले होते. आता हे पावसाचं की राखेचं? तिनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं, गाईंच्या धारांची वेळ झाली होती.

"धारा कोण काढतंय?"

क्रेस्टेननं टोपी उलटी केली, सुलटी केली. "येन्स पेटर."

शेताच्या हद्दीवरच्या चरावरून झालेलं या दोन शेजाऱ्यांचं भांडण सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"पण तुम्ही त्याच्याशी बोलत नाही ना?"

"आज बोललो."

म्हणजे हे राखेचं ट्रेल्स होतं. "सिग्ने, लाल कर! स्ट्रेचर आण! आस्गेर, पोटाची सोनोग्राफी, आत्ता!"

डॉक्टर आस्गेर हातातली कॉफी तशीच ठेवून धावला. पाहुणा उसळला, "आणि माझा नंबर?"

"तुमचा येईल हो. यांचा गेला तर परत येणार नाही."

"पण काहीच निघालं नाही तर?" सिग्ने कुजबुजली.

"तर हसतील मला. हसू देत!"

निघालं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून पाझरायला लागली होती. आस्गेरनं मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर मागवलं. तेवढ्यात ब्लडप्रेशर घसरलं. सिग्नेनं सलाइनसाठी पहिल्याच झटक्यात शीर धरली.

"उगाच तुमची धावपळ," क्रेस्टेन पुटपुटला.

"गप्प पडा हो जरा!" बिर्थेनं त्याचा हात घट्ट धरला होता.

स्ट्रेचर बाहेर गेलं तेव्हा पाहुणा भिंतीला चिकटून उभा होता, हात अजून वर.

फोन आला तो दोघी घरी जायला निघाल्या तेव्हा. ऑपरेशन झालं, म्हातारा वाचला! "जिंकलो गं बाई, जिंकलो!" म्हणत बिर्थेनं सिग्नेला उचलून गरकन फिरवलं. सिग्ने हसताहसता रडायलाच लागली.

"मी हिरवा दिला होता, बिर्थे."

"तू आकडा विचारलास, त्यांनी आकडा सांगितला. यापुढं धारांचंही विचारत जा."

पानगळीच्या दिवसांत क्रेस्टेन दारात येऊन उभा राहिला. वाळला होता, पण ताठ होता. बराच वेळ टोपी चुरगाळून म्हणाला, "तुम्ही केलंत ते... तसं वाईट नव्हतं."

"एवढंच?" सिग्ने बिर्थेच्या कानात म्हणाली.

"अगं, इथं बायकोलासुद्धा कुणी एवढं म्हणत नाही," असं म्हणून बिर्थेनं डोळे पुसले. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "आता धारा कोण काढतंय?"

"डॉक्टरांनी मला बंदी केलीय. गाई येन्स पेटरला दिल्या. संध्याकाळी जातो, त्याच्या गोठ्यात नुसता बसतो."

"आणि माणूस कसा आहे तो?"

क्रेस्टेननं टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली.

"तसा वाईट नाही."