उतारावरची डोली

"बाजूला व्हा गं, वारा लागू द्या तिला," रखमाजी म्हणाला आणि खळ्यातल्या पेंढ्यावर पडलेल्या आपल्या बायकोपाशी गुडघे टेकून बसला.

साळूबाई भात झोडता झोडता कोसळली होती. पेंढी अजून मुठीतच होती. तोंड जरासं डावीकडे ओढल्यासारखं दिसत होतं. पण ते खरंच तसं होतं, की गाल पेंढ्यावर दाबला गेल्यामुळे तसं वाटत होतं, हे त्याला ठरवता येईना.

"लागीर हाय," शेजारची ठकुबाई म्हणाली. "काल तिन्हीसांजंला वढ्याकडनं एकलीच आली. आदी अंगारा लावा."

"अंगावरनं वारं गेलं आसंल," कोंडिबा म्हणाला. "रखमादादा, तूच बग. तू म्हनशील तसं करू."

गुंजवण्यात आणि आसपासच्या वाड्यांत कुणी बेशुद्ध पडलं की बघायला रखमाजीला बोलवत. डोली वाहणाऱ्यांचा तो म्होरक्या. तो कानाशी नाव घेऊन हाक मारी, कानाची पाळी चिमटी, पापणी उचलून बुबुळ बघे, नाकाशी शेवरीचा कापूस धरी आणि शेवटी मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ खाली मान घालून बसे. मग एक तर "हाय, उचला," म्हणे, नाहीतर काहीच न बोलता डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेई. उचला म्हटलं की बांबूला घोंगडी बांधून चार माणसं खिंड ओलांडायला निघत; खिंडीपलीकडे बैलगाडी आणि पुढे भोरचा दवाखाना. मुंडासं सुटलं की बायका रडायला लागत. त्याला यातलं कळतं असं सगळ्यांना वाटे. त्याला स्वतःला तसं कधीच वाटलं नव्हतं. एकदा त्याने गावातल्याच ज्ञानूला मरणाच्या दारातला समजून भोरपर्यंत वाहून नेलं होतं, आणि दवाखान्यातल्या हनीफने वास घेऊन सांगितलं होतं, "रखमाजी, हा नुसता प्यालेला आहे." त्यावरून गाव अजून हसे.

हनीफ मलमपट्टीवर होता. रखमाजीशी त्याचं चांगलं जमे. पेशंट आत गेला की दोघे पायरीवर बसत. "अंगठ्याने नाडी बघू नका," त्यानेच सांगितलं होतं. "अंगठ्यात आपलाच ठोका असतो." आणखीही एक तो नेहमी सांगे. "उतारावर माणसाचं डोकं खाली ठेवत जाऊ नका. पोटातलं घशात येतं आणि माणूस गुदमरतो."

"आन् मंग काय पाय म्होरं करू?" रखमाजी म्हणे. "हनीफभाई, आमच्यात पाय म्होरं फकस्त मढ्याचं."

डोलीतलं माणूस जितं असेल तर त्याचं डोकं पुढे. चढ असो, उतार असो. खिंडीच्या उतारावर पुढचा गडी खाली आणि मागचा वर, त्यामुळे आजाऱ्याचं डोकं खाली लोंबे. कुणी कधी त्यात बदल केला नव्हता.

आता त्याने साळूबाईच्या मनगटावर बोटं ठेवली. अंगठा नव्हे, बोटं. ठोका लागला. जोरात लागला. मग त्याच्या ध्यानात आलं की तो त्याच्या कानातही वाजतोय.

"साळे," त्याने हाक मारली. "ए साळे."

तिने घशातून आवाज केला.

"हाय," तो म्हणाला. "उचला."

ज्ञानूला पुढे पिटाळलं. खिंडीच्या पायथ्याच्या वाडीत साळूबाईची बहीण फुलाबाई दिलेली होती. तिच्या नवऱ्याने, सोनबाने, गाडी जुंपून तयार ठेवावी असा निरोप होता. बाकीचे डोली घेऊन निघाले. चढ नीट पार पडला. डोकं वर होतं, आणि ती मधूनमधून घोरल्यासारखा श्वास घेत होती.

खिंड ओलांडून उतार लागला आणि तिच्या घशात घरघर सुरू झाली. पुढच्या खांद्याला रखमाजी होता. तिचं डोकं त्याच्या पाठीशी लोंबत होतं आणि ती घरघर त्याला मानेवर ऐकू येत होती. तोंडातून पिवळं पाणी आलं.

"थांबा. ठिवा खाली."

त्याने तिला कुशीवर वळवलं, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाला, "फिरवा डोली. पाय म्होरं घ्या."

कोंडिबा बघतच राहिला. "वयनी जिती हाय न्हवं?"

"हाय म्हनून तर सांगतुया."

"दादा, बरं न्हाई ते. आपल्या हातानं आसं…"

"फिरव म्हनलं ना!"

कुणी पुढे होईना. शेवटी त्याने स्वतःच बांबू उचलला आणि डोली फिरवली. घरघर कमी झाली. निदान त्याला तसं वाटलं. बाकीचे खाली बघत चालत राहिले.

वाडीजवळ आले तेव्हा आधी रडणं ऐकू आलं. फुलाबाई बांधावरून धावत येत होती, केस सुटलेले, छाती बडवत. "अक्का गं! मला न सांगता गेलीस गं!" मागे बायका. वावरातली माणसं विळे खाली ठेवून उभी राहिली होती. गाडी होती, पण तिचं जू जमिनीवर टेकलेलं होतं आणि बैल पार ओढ्यापलीकडे सोडलेले.

"आरं, बैलं का सोडली?" रखमाजी ओरडला.

"खिंडीतनं पाय म्होरं दिसलं," सोनबा म्हणाला. "म्हनलं आता भोरला कशाला न्यायची? लाकडं बगायला लागलो हुतो."

"जिती हाय ती!"

"मंग पाय म्होरं का केलं, पाव्हणं?"

रखमाजीने सांगायचा प्रयत्न केला. हनीफ, घसा, उतार. त्याचं त्यालाच ते खरं वाटेना. फुलाबाई रडायची थांबली होती. तिने बहिणीच्या तोंडापाशी हात धरला. "हाय! ऊन ऊन लागतंय." सोनबानेही वाकून तिथेच हात धरला आणि मान हलवली. "उन्हाचं लागतंय ते. काय न्हाई."

"दाजी, तुमी बगा," फुलाबाई म्हणाली. "तुमाला कळतं."

रखमाजीने मनगट धरलं. ठोका होता. भराभर होता. त्याने बोटं उचलून आपल्याच गुडघ्यावर ठेवली; तिथेही तसाच होता. कापूस घरीच राहिला होता. त्याने डोळे मिटले, उघडले. हात मुंडाशाकडे गेला, तसा फुलाबाईने हुंदका दिला, आणि त्याने तो मागे घेतला.

"मला कळंना," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्याकडून कुणी ऐकले नव्हते. कोंडिबाने तोंड फिरवलं.

मग ज्ञानू बोलला. "म्या नुसता प्यालो हुतो, तरी मला भोरापातूर नेलं ह्यानं. आन् वयनीला न्हाई न्यायची व्हय? कुठं हायती बैलं?" आणि तो धोतर खोचून ओढ्याकडे पळाला.

बैल सापडायला वेळ लागला. किती, ते रखमाजीला पुढे कधीच सांगता आलं नाही. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला. मनगट त्याने सोडलं नाही. गाडीचा हादरा कुठला, आपला ठोका कुठला आणि तिचा कुठला, हे भोर येईपर्यंत निवडत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि हनीफकडे बघितलं. हनीफ बाहेर आला, पायरीवर त्याच्याशेजारी बसला.

"केव्हा गेल्या, रखमाजी?"

"म्हायती न्हाई."

"गाडीत? का आधी?"

"हात माझ्या हातातच हुता, हनीफभाई. तरी मला म्हायती न्हाई." मग तो म्हणाला, "पाय म्होरं केलं म्या. तुमचं ऐकून. म्हनून बैलं सोडली त्यांनी. रिवाजानं नेली आसती तर गाडी तयार हुती."

"डोकं खाली राहिलं असतं तर खिंडीतच गुदमरल्या असत्या," हनीफ म्हणाला. मग खालच्या आवाजात, "असं मला वाटतं. मलाही नक्की माहीत नाही."

नदीकाठी इथेच उरकून घ्या, असं कुणीतरी सुचवलं. रखमाजी नको म्हणाला. रात्र फुलाबाईच्या दारात काढून दुसऱ्या दिवशी उजाडताच डोली पुन्हा खिंडीच्या पायथ्याशी आली. आता काही विचारायचं नव्हतं. कोंडिबाने आपणहून पाय पुढे केले.

चढ सुरू झाला. आता पुढचा गडी वर होता आणि मागचा खाली. पाय उंच गेले, आणि तिचं डोकं खाली लोंबायला लागलं. मागच्या खांद्याला रखमाजी होता. घोंगडीच्या कडेतून सुटलेली वेणी त्याच्या गुडघ्यावर आपटत होती.

"थांबा," तो म्हणाला.

डोली खाली ठेवली. तो काही सांगणार होता, पण ज्ञानू त्यासाठी थांबला नाही. त्याने बांबूचं पुढचं टोक उचललं, कोंडिबाने मागचं, आणि दोघांनी डोली फिरवली. रखमाजीने वेणी आत सारली, घोंगडीची कड नीट केली आणि पुढे जाऊन बांबू खांद्यावर घेतला.

वरच्या वळणावर गवत कापणारी एक बाई भेटली. तिने पुढे आलेलं डोकं पाहिलं, विळा कमरेला खोचला आणि विचारलं, "कोन आजारी हाय, दादा?"

"आमची मंडळी," रखमाजी म्हणाला, आणि तिला वाट देऊन जपून वर चढू लागला.